बाष्पदाबाचा आकडा खरा कशावरून मानायचा?

पोकळीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत सॉल्व्हंट रिकव्हरीचा छोटा प्लांट सांभाळतो. डिस्टिलेशनच्या व्हॅक्यूमसाठी आमच्याकडे वॉटर रिंग पंप आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पंपाच्या आत पाण्याचं कडं फिरतं आणि तेच पिस्टनचं काम करतं. त्यामुळे त्या पाण्याचा त्या तापमानाला जो बाष्पदाब (म्हणजे त्याच्या वाफेचा दाब) असेल, त्याच्या खाली व्हॅक्यूम जात नाही. गेलाच तर कडंच उकळायला लागतं आणि पंपात खडे भरल्यासारखा आवाज येतो.

गेला महिनाभर आमचा पंप गेजवर ६५० एमएमच्या पुढे सरकत नाहीये. साहेबांना ७०० हवेत. पंप पुरवणाऱ्यांचा माणूस येऊन एक एक्सेल शीट देऊन गेला. त्यात ३५ अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब ४५.८ मिमी पारा आहे. माझ्या कॉलेजच्या वहीतले स्थिरांक घालून ४२.१ येतो. स्टीम टेबल (पाणी-वाफेच्या गुणधर्मांचा तक्ता) ४२.२ म्हणतं.

सहकारी म्हणतो, तिघांपैकी दोघं एक बोलतात म्हणजे तेच खरं. पण हे काय ग्रामपंचायतीचं मतदान आहे का? पाण्याचं निदान स्टीम टेबल तरी आहे. उद्या टोल्युइन, परवा ग्लायकॉल आलं की काय करायचं? आकडा बरोबर की चूक हे तपासायची काही रीत आहे का?

टवाळखोर

रुमाल टाकून ठेवतो. काकू आल्या की रंगेल धागा.

ह्यूस्टनकर

शीटमधले स्थिरांक इथे लिहा. नुसत्या उत्तरावरून काही कळायचं नाही.

पोकळीकर

समीकरण अँटोइनचंच आहे. दाबाचा लॉग (पाया १०) = ए − बी ÷ (सी + तापमान). दाब मिमी पाऱ्यात, तापमान सेल्सिअसमध्ये.
त्यांच्या शीटमध्ये: ए ८.१४०१९, बी १८१०.९४, सी २४४.४८५.
माझ्या वहीत: ए ८.०७१३१, बी १७३०.६३, सी २३३.४२६.

ह्यूस्टनकर

सापडलं. दोन्ही संच खरे आहेत आणि दोन्ही पाण्याचेच आहेत. तुमच्या वहीतला १ ते १०० अंशांसाठी आहे, त्यांच्या शीटमधला ९९ ते ३७४ अंशांसाठी. कुणीतरी बॉयलरसाठी केलेली शीट व्हॅक्यूम पंपाला लावली.

गंमत बघा. तोच संच २०० अंशांना १५.५२ बार देतो, स्टीम टेबलमध्ये १५.५५ आहे. उत्तम. आता तो खाली ओढा: ६० अंशांना ४ टक्के जास्त, ३५ ला साडेआठ टक्के जास्त, २५ ला जवळपास ११ टक्के जास्त (२३.८ च्या जागी २६.३). म्हणजे उत्तर वेडंवाकडं येत नाही, पटण्याजोगं चुकीचं येतं. लॉगचा पाया चुकला किंवा केल्व्हिनच्या जागी सेल्सिअस गेलं तर उत्तर इतकं हास्यास्पद येतं की शिकाऊ पोरगाही थांबतो. मर्यादेबाहेर वापरलेले स्थिरांक मात्र कुणाला थांबवत नाहीत.

लुई शार्ल अँटोइनने १८८८ साली हे समीकरण मांडलं. त्यात तीनच स्थिरांक आहेत. त्रिबिंदूपासून (जिथे घन, द्रव आणि वाफ एकत्र नांदतात) क्रांतिबिंदूपर्यंतचा (जिथे द्रव आणि वाफ यांतला भेद संपतो) सगळा वळणदार रस्ता तीन आकड्यांत बसत नाही, म्हणून त्याचे तुकडे पाडतात. तुकड्याची हद्द न लिहिता स्थिरांक पुढे पाठवणं म्हणजे औषधाची बाटली लेबल फाडून शेजाऱ्याला देणं.

पोकळीकर

म्हणजे मी बरोबर होतो! उद्याच त्यांना मेल टाकतो.

भौतिकीकाकू

थांब रे बाबा, मेल नंतर टाक. आधी तीन प्रश्नांची उत्तरं दे.

१. ३५ अंश कुठे मोजलंस? पंपात शिरणाऱ्या पाण्याचं की बाहेर पडणाऱ्या?
२. कशाने मोजलंस?
३. गेजवर ६५० म्हणजे कशापासून ६५०?

पोकळीकर

काकू, १. शिरणाऱ्या. २. लाईनवर डायल थर्मामीटर आहे. ३. कळलं नाही. ६५० म्हणजे ६५०.

भौतिकीकाकू

इथेच सगळी गोम आहे. बत्तीस वर्षं कॉलेजात प्रात्यक्षिकं घेतली, त्यामुळे जरा लांबण लावते, सहन करा.

पहिली गोष्ट तापमानाची. बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, चक्रवाढीने वाढतो. ३५ अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापलं की बाष्पदाब साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ज्या साडेआठ टक्क्यांवरून तू भांडायला निघालास, ती सगळी चूक दीड अंशाची आहे. तुझ्या डायल थर्मामीटरची सुई दीड अंश इकडेतिकडे असली तर तुला कळणार आहे का? बाष्पदाबाचा आकडा चुकलाय असं वाटतं, तेव्हा बरेचदा तापमानाचाच चुकलेला असतो. त्यात पंपात शिरलेलं पाणी बाहेर पडेपर्यंत तापतं. कडं उकळणार ते त्या तापलेल्या तापमानाला. बाहेर पडणारं पाणी ३८ निघालं तर बाष्पदाब ४९.७ मिमी. तुझे ४२ आणि त्यांचे ४६, दोन्ही बाजूला ठेव.

आता ६५० बद्दल. तुझं गेज बाहेरच्या हवेपासून खाली मोजतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने ७११ मिमीच येतो. त्यातून ७०० चा व्हॅक्यूम काढायचा तर आत फक्त ११ मिमी उरायला हवेत. म्हणजे कड्यातलं पाणी १३ अंशांच्याही खाली असायला हवं. मे महिन्यात, एमआयडीसीत, कूलिंग टॉवरच्या पाण्यावर!

तुझा पंप मुंबईत ७०० देईल. तिथे ७६० मधून ५० गेले तर ७१० उरतात. तुझ्याकडे ७११ मधून ५० गेले की ६६१ हेच छत. ६५० मिळताहेत म्हणजे पंप बिचारा इमानेइतबारे काम करतोय.

टवाळखोर

३.६ मिमीसाठी युद्ध, आणि ४९ मिमीचा सह्याद्री मध्ये उभा.

पोकळीकर

काकू, साष्टांग. साहेब आधी समुद्रकाठच्या तारापूरला होते. ७०० चा आकडा तिथूनच आला असणार.

आडवळण

अवांतर: फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये आत्ता पुण्याचा दाब १००८ हेक्टोपास्कल दिसतोय. म्हणजे ७५६ मिमी. काकूंच्या ७११ शी हे जुळत नाही.

भौतिकीकाकू

अवांतर कसलं, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. हवामान खात्याच्या नकाशांवर आणि बहुतेक अ‍ॅपमध्ये असतो तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून तो तसा देतात. तुमच्या खिडकीबाहेरचा खरा दाब वेगळा, त्याला स्थानकाचा दाब म्हणतात.

माझ्याच वर्गात एका बॅचने हे केलं होतं. पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून थर्मामीटर तपासायचा होता. पोरांनी अ‍ॅपमधला दाब घेतला, गणित केलं, पाणी ९९.८ ला उकळायला हवं असं काढलं. थर्मामीटर दाखवतोय ९८.०. निष्कर्ष लिहिला: थर्मामीटरमध्ये जवळपास दोन अंशांची त्रुटी. सुबक अक्षरात, लाल शाईने अधोरेखित. थर्मामीटर ठणठणीत होता. पुण्यात पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवला.

टवाळखोर

म्हणून तिकडचा चहा तसा लागतो होय. मी उगाच दुधाला दोष देत होतो.

सोनचाफा

पंपाचा निकाल लागला, पण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न शिल्लक आहे. पाण्याचं स्टीम टेबल आहे, बाकीच्यांचं काय? मी क्वालिटीत आहे, रोज सॉल्व्हंटच्या सुरक्षा पत्रकांशी गाठ पडते. टोल्युइनचीच तीन पत्रकं समोर आहेत:

पहिलं: २९
दुसरं: २८.४
तिसरं: २१.८

पहिली दोन जुळताहेत, तिसरं चूक, असंच वाटलं ना? तिसरं पूर्ण बरोबर आहे. पहिलं २९ हेक्टोपास्कल आहे, २० अंशांना. तिसरं २१.८ मिमी पारा, तेही २० अंशांना. म्हणजे तो एकच आकडा, कपडे बदललेला. दुसरं २८.४ मिमी आहे, पण २५ अंशांना. जे दोन जुळल्यासारखे वाटतात ते प्रत्यक्षात तीस टक्क्यांनी वेगळे आहेत.

आमच्याकडे एकाने पत्रकांवरून तक्ता बनवताना एककाचा रकानाच ठेवला नव्हता. तीनही आकड्यांची सरासरी काढून मोकळा. २६.४. कशाचे आणि किती अंशांना, देव जाणे.

ह्यूस्टनकर

सरासरीवरून आठवलं. स्रोत तीन आहेत म्हणजे साक्षीदार तीन आहेत असं नसतं.

डी. आर. स्टल यांनी १९४७ साली हजाराहून जास्त संयुगांच्या बाष्पदाबांचं मोठं संकलन छापलं. १ मिमी, ५, १०, २० असं करत ७६० पर्यंत कोणत्या तापमानाला किती दाब, असा तक्ता. तोच पेरीच्या हँडबुकात (केमिकल इंजिनिअरांचा संदर्भग्रंथ) गेला. एनआयएसटीच्या (अमेरिकेची मानक संस्था) वेबबुकवर अनेक पदार्थांच्या अँटोइन स्थिरांकांसमोर संदर्भ म्हणून पुन्हा स्टल, १९४७. त्या दोन्हींवरून किती एक्सेल शीट झाल्या असतील कुणी मोजावं? आता तुम्ही हँडबुक, वेबबुक आणि शीट असे तीन स्रोत ताडून बघितलेत आणि तिन्ही जुळले, तर काय सिद्ध झालं? तिघांचा बाप एक आहे, एवढंच.

स्टल वाईट नाही. पण ती १९४७ पर्यंतची, कमीअधिक दर्जाची मोजमापं गुळगुळीत करून एकत्र मांडलेली आहेत. काही पदार्थांसाठी उत्तम, काहींसाठी, विशेषतः १-५ मिमीच्या टोकाला, जरा डोळे उघडे ठेवून वापरण्याजोगी.

वेबबुकबद्दल एक चांगलं सांगायला हवं: तिथे प्रत्येक संचासमोर तापमानाची हद्द आणि मूळ संदर्भ लिहिलेला असतो. फक्त तिथलं एकक बार आणि केल्व्हिन आहे. वहीतले मिमी-सेल्सिअसवाले स्थिरांक आणि ते शेजारी शेजारी ठेवून "जुळत नाहीत" म्हणू नका.

पोकळीकर

मान्य. मग साक्षीदार खरा की पढवलेला हे कसं ओळखायचं? सगळे एकमेकांवरून उतरवलेले असतील तर ताडायचं कशाशी?

ह्यूस्टनकर

दाब मोजून न काढलेल्या गोष्टीशी. बाष्पीभवनाची उष्णता.

क्लॉसियस-क्लापेरॉनचं नातं बारावीत सगळ्यांनी घोकलंय: दाबाचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर, एक भागिले केल्व्हिन तापमान आडव्या अक्षावर. रेषेचा उतार (उणे चिन्ह सोडून) गुणिले वायूचा स्थिरांक ८.३१४ म्हणजे बाष्पीभवनाची उष्णता. ही उष्णता कॅलरीमापीत (उष्णता मोजायच्या उपकरणात) वेगळी मोजलेली असते, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या उपकरणाने. तिचा आणि दाबाच्या तक्त्याचा बाप एक नसतो.

टोल्युइन करून बघू. २० अंशांना २१.८ मिमी. उत्कलनबिंदू ११०.६३ अंश, तिथे ७६०. दोन दाबांचं गुणोत्तर ३४.९, त्याचा नैसर्गिक लॉग ३.५५. १/२९३.१५ वजा १/३८३.७८ म्हणजे ०.०००८०५६. उत्तर ३६.६ किलोज्यूल प्रति मोल. कॅलरीमापी काय म्हणते? २५ अंशांना ३८.०, उत्कलनबिंदूला ३३.२. आपलं ३६.६ त्या दोघांच्या मधे पडलं, जिथे पडायला हवं तिथेच. आता सोनचाफांच्या २९ ला कुणी मिमी समजून बसला असेल तर काय होतं बघा: गुणोत्तर २६.२, लॉग ३.२७, उष्णता ३३.७. म्हणजे सबंध पट्ट्याची सरासरी जवळजवळ उत्कलनबिंदूवरच्या किमतीइतकी खाली आली. तापमान वाढेल तशी ही उष्णता कमी होत जाते, त्यामुळे सरासरी तळाला चिकटणं शक्य नाही. आकडा पकडला गेला, तोही दुसरं पत्रक न बघता.

पाण्याच्या त्या शीटचंही करून पाहिलं. ३५ अंशांना उतारावरून उष्णता ४२.१ येते, वहीतल्या संचावरून ४३.७. स्टीम टेबलमध्ये ४३.६. म्हणजे ३५ अंशांचा खरा दाब माहीत नसता तरीही शीट पकडली गेली असती.

आडवळण

पण हे गणित वाफेला आदर्श वायू धरून केलंय ना? दाब वाढला की ते ढासळणार.

ह्यूस्टनकर

बरोबर. एक-दोन वातावरणांपर्यंत बऱ्यापैकी जुळतं, वर गेलं की वाफेचं आणि द्रवाचं खरं आकारमान घ्यावं लागतं. क्रांतिबिंदूजवळ तर अँटोइनही नको, तिथे वॅग्नरचं समीकरण. पण प्लांटमधली नव्वद टक्के भांडणं वातावरणाच्या खालचीच असतात.

सोनचाफा

उताराबरोबर अजून एक करते मी. समीकरणाने काढलेला दाब आणि मोजलेला दाब यांतला फरक टक्क्यांत काढायचा आणि तापमानासमोर मांडायचा. ठिपके शून्याच्या वरखाली विखुरलेले असले तर तो मोजणाऱ्याचा हात. एका बाजूला वाकत गेले तर समीकरण अपुरं आहे किंवा नमुन्यात घोळ आहे. एकच ठिपका एकटाच वर उडालेला असेल तर छपाईची चूक शोधा. ३ चा ८ झालेला मी स्वतः पकडलाय.

गारवा

नमस्कार. मी कोल्हापुरात फ्रीज-एसीचं काम करतो. तुमची अर्धी गणितं डोक्यावरून गेली, पण आम्ही रोज हेच करतो असं वाटायला लागलंय. गॅसची बाटली रात्रभर सावलीत ठेवायची, सकाळी तापमान आणि गेज बघायचं, चार्टशी लावायचं. १३४ए (फ्रीज-एसीत भरायचा एक गॅस) ला २४ अंशांना चार्टवर ७९ पीएसआय. आत्ता दुकानात एक नवी बाटली आहे, ती २४ ला ९२ दाखवतेय. आता चार्ट चूक, गेज चूक की बाटली चूक?

भौतिकीकाकू

गारवा, तुम्ही करताय त्यालाच स्थैतिक पद्धत म्हणतात. बंद भांडं, स्थिर तापमान, दाब वाचा. प्रयोगशाळेत आयसोटेनिस्कोप नावाचं काचेचं उपकरण असतं, त्यातही हेच. दुसरी रीत उकळवण्याची: दाब ठरवून द्यायचा आणि किती अंशांना उकळतं ते बघायचं.

कोल्हापूरची उंची जवळपास पुण्याइतकीच, त्यामुळे तुमचं गेज चार्टपेक्षा एखादा पीएसआय जास्त दाखवणारच. ७९ च्या जागी ८०. ९२ नाही. गेज उघडं असताना शून्यावर येतं का बघितलंत?

गारवा

शून्यावर येतं. दुसऱ्या बाटलीला तेच गेज ८० दाखवतंय. आत्ता तुम्ही सांगितल्यावर कळलं की ८० का, मी समजत होतो गेज एकने पुढे आहे.

सोनचाफा

मग त्या बाटलीत हवा शिरलीय किंवा दुसरा गॅस मिसळलाय. द्रव न होणारी हवा वर जाऊन बसते आणि तिचा दाब गॅसच्या दाबात मिळवला जातो. स्थैतिक पद्धतीत हीच चूक सर्वांत जास्त होते: द्रवात विरघळलेली हवा आधी नीट काढून टाकली नाही की दाब फुगतो. म्हणून नमुना गोठवून, व्हॅक्यूम लावून, वितळवून, पुन्हा गोठवून, असं तीन-चारदा करतात.

आणि अशुद्धी नेहमी दाब वाढवायच्याच बाजूने असते असं नाही, पण कमी बाष्पदाबाच्या द्रवात हलकी अशुद्धी असेल तर फार महागात पडते. धागाकर्ते ग्लायकॉल म्हणाले होते. इथिलिन ग्लायकॉलचा २० अंशांना बाष्पदाब फक्त ०.०६ मिमी. त्यात वजनाने ०.१ टक्का पाणी असेल तर? पाण्याचा रेणू हलका, त्यामुळे रेणूंच्या हिशेबाने ते ०.३४ टक्के होतं. गुणिले पाण्याचे १७.५ मिमी. म्हणजे ०.०६ मिमी नुसत्या पाण्याचेच. ड्रमचं झाकण पावसाळ्यात अर्धा तास उघडं राहिलं, तर तुम्ही ग्लायकॉल म्हणून अर्धं पाणीच मोजताय. म्हणून एक मिमीच्या खालचे आकडे दोन प्रयोगशाळांमध्ये दुप्पट-तिप्पट वेगळे दिसले तर मी दचकत नाही. तिथे नमुन्याची शुद्धता आणि पाण्याचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर आकडा वाचतही नाही.

ह्यूस्टनकर

+१. आमच्याकडे कामाला डीआयपीपीआरचा (रसायनांच्या गुणधर्मांचा तपासलेला माहितीसाठा) संच वापरतात. त्यात आकड्यासमोर दोन गोष्टी असतात: मोजलेला की अंदाजलेला, आणि अनिश्चितता किती, एक टक्क्याच्या आत, तीनच्या, पाचच्या, दहाच्या, अशा पायऱ्या. नवीन मुलं आकडा उचलतात आणि हा रकाना सोडून देतात. ५० टक्के अनिश्चितता असलेला अंदाजलेला आकडा चार दशांश स्थळांसकट रिपोर्टमध्ये जातो.

सिम्युलेटरही (प्लांटचं गणित करणारं सॉफ्टवेअर) असंच करतं. त्याला काही माहीत नसेल तरी ते गप्प बसत नाही, रेणूच्या रचनेवरून अंदाज बांधून आकडा देतंच. तो अंदाज आहे हे दोन क्लिक आत लपलेलं असतं.

आडवळण

गारवांच्या बाटलीवरून एक शंका. दाब बरोबर आला असता तर गॅस खरा मानायचा?

ह्यूस्टनकर

अजिबात नाही. २०११ मध्ये जहाजांवरून माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट झाले, कामगार दगावले. १३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघालं. १३४ए उकळतो उणे २६ ला, मिथाइल क्लोराइड उणे २४ ला. दोघांचे दाब इतके शेजारी की दुसऱ्या गॅसची थोडी भेसळ करून गेजला फसवता येतं. मिथाइल क्लोराइडची कॉम्प्रेसरमधल्या अ‍ॅल्युमिनियमशी क्रिया होऊन हवा लागताच पेटणारं संयुग तयार होतं. दाब जुळला नाही तर बाटली खोटी, हे नक्की. दाब जुळला तर खरी, हे मात्र नाही. त्यासाठी गॅस ओळखणारं यंत्र लागतं.

गारवा

बापरे. ती बाटली वापरत नाही.

अजून एक विचारतो. ४०७सी गॅसच्या चार्टमध्ये एका तापमानाला दोन दाब दिलेत. हा कसला घोळ?

भौतिकीकाकू

घोळ नाही, मिश्रण आहे. शुद्ध पदार्थाला एका तापमानाला एकच बाष्पदाब. ४०७सी मध्ये तीन गॅस आहेत, त्यामुळे द्रवाचा पहिला बुडबुडा एका दाबाला फुटतो आणि वाफेचा पहिला थेंब दुसऱ्या दाबाला पडतो. वातावरणाच्या दाबाला या दोन टोकांत सात अंशांचं अंतर आहे. बाटलीत द्रव असताना बुडबुड्याचा रकाना बघा. आणि हे उलटंही वापरता येतं: शुद्ध म्हणून विकलेल्या द्रवातून थोडी वाफ काढून टाका आणि त्याच तापमानाला पुन्हा दाब मोजा. बदलला तर शुद्ध नव्हता, किंवा हवा होती.

टवाळखोर

काकू, तुमच्या काळी स्टीम टेबलसुद्धा वेगळं होतं का हो? वडिलांच्या जुन्या पुस्तकात १०० अंशांना १०१.३२५ किलोपास्कल आहे, आणि इथे फोनवर १०१.४२.

भौतिकीकाकू

टवाळक्या करता करता चांगलं विचारलंस. पूर्वी १०० अंश म्हणजे एका वातावरणाला पाणी उकळतं ते तापमान, अशीच व्याख्या होती. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत ते बंधन राहिलं नाही. त्या श्रेणीवर पाणी ९९.९७ ला उकळतं, म्हणून बरोबर १०० ला दाब जरासा जास्त. फरक हजारात एकाचा. पोकळीकरांच्या पंपाला त्याचं सोयरसुतक नाही. पण थर्मामीटर कॅलिब्रेट करणाऱ्याला आहे. आकडा किती अचूक हवा हे आधी ठरवावं, मग तपासायला बसावं.

पोकळीकर

अपडेट द्यायला आलो.

मेंटेनन्सकडून निरपेक्ष दाबाचं (संपूर्ण पोकळीपासून मोजणारं) गेज मागून आणलं. आधी ते उघड्या हवेत ठेवलं: ७०७ मिमी. बाहेर पडणाऱ्या पाण्यात काचेचा थर्मामीटर बुडवला: ३८ अंश. डायलवाला शिरणाऱ्या पाण्याला ३५ दाखवत होता, काचेचा म्हणतो ३४. मग सक्शन बंद करून पंपावर निरपेक्ष गेज लावलं: ५७ मिमी. ७०७ वजा ५७ बरोबर ६५०. जुनं गेजही खरंच बोलत होतं. काकूंचे ४९.७ आणि माझे ५७, मधले सात मिमी पंपाचे स्वतःचे.

साहेबांना कागदावर मांडून दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "तारापूरला मिळायचा." आता चिलरच्या पाण्याचा एक फाटा पंपाकडे वळवायचं चाललंय. पाणी २० ला आलं आणि २३ ला बाहेर पडलं तर २१ मिमी, म्हणजे छत ६८६. ७०० नाहीच, पण साहेब ६८० वर तयार झालेत.

शीटवाल्यांनाही कळवलं. त्यांचं उत्तर आलं की स्थिरांकांची हद्द एका लपवलेल्या रकान्यात होती. रकाना उघडला. खरंच होती, ९९ ते ३७४.

गारवा

मीही सांगून टाकतो. ती बाटली बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी पाणी २३ आणि गेज ९१. विक्रेत्याकडे नेली. त्याने कारण न विचारता बदलून दिली, तेव्हाच काय ते समजलो. नवी बाटली रात्री पाण्यात ठेवलीय.

सोनचाफा

गारवा, सकाळचा आकडा इथे टाका. २३ ला ७७-७८ यायला हवा.

गारवा

पाणी २३, गेज ७७. आता यंत्रवाल्याकडे नेतो.